पोटातलं ओठावर येऊ द्या

या पानावर एरवी रक्तातली साखर, मुलांच्या कॉलेजचा खर्च, निवृत्तीची तरतूद असे भारदस्त विषय असतात. मी आज जो विषय घेऊन आले आहे, तो चारचौघांत काढू नये असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. विषय आहे पोट फुगण्याचा. लग्नाचं जेवण जास्त झालं म्हणून एखाद्या दिवशी फुगतं ते नव्हे, तर रोज, महिनोन्‌महिने फुगणारं पोट, आणि त्यामुळे माणूस हळूहळू कसा मागे मागे सरकत जातो त्याचा.

मी डॉक्टर नाही. २००४ साली लग्न होऊन न्यू जर्सीत आलेली, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी तुमच्यासारखीच एक सभासद आहे. जे सोसलं आणि त्यातून जे शिकले, तेवढंच सांगते.

माझं पोट सकाळी सपाट असायचं. दुपारच्या जेवणानंतर गुबारा धरायचा आणि संध्याकाळी पोट असं टम्म व्हायचं की जीन्सचं बटण काढल्याशिवाय गाडीत बसता येत नसे. कपाटात दोन मापांचे कपडे होते, सकाळचे आणि संध्याकाळचे. साडी नेसायची तर कार्यक्रम किती वाजता आहे ते आधी विचारायचं. सकाळी अकराला चापूनचोपून नेसलेल्या पैठणीच्या निऱ्या चार वाजता पुढे आलेल्या असत आणि परकराची नाडी कमरेत रुतून वळ उठलेला असे.

२०२२ च्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत उभी होते. मागून एक काकू आल्या, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "अगं, कितवा? आम्हाला काही सांगितलंच नाहीस!" मी त्रेचाळीस वर्षांची होते. आजूबाजूच्या पाच-सहा जणी वळून पाहू लागल्या. मी हसले, काहीतरी पुटपुटले, ताट टेबलावर ठेवलं आणि पार्किंग लॉटमध्ये गाडीत जाऊन बसले. आरतीला परत आत गेले नाही.

त्यानंतर मी कोजागिरीला गेले नाही आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही नाही. ग्रुप फोटो काढायची वेळ आली की मागच्या रांगेत उभी राहायची, नाहीतर "मी काढते" म्हणून कॅमेरा हातात घ्यायची. भाच्याच्या लग्नाचा अल्बम पाहताना नवरा म्हणाला, "तू प्रत्येक फोटोत खुर्चीच्या मागेच कशी?" तोवर मलाही ते कळलं नव्हतं.

आता काकूंवर रागावणं सोपं आहे. पण मीही तेच केलं होतं. त्याच वर्षी उन्हाळ्यात पुण्याच्या आतेबहिणीशी व्हिडिओवर बोलत होते. ताई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. जन्मभर किरकोळ अंगाची, आणि आता पोट सुटलेलं दिसत होतं. मी म्हणाले, "ताई, रिटायरमेंट चांगलीच मानवलेली दिसते!" ती हसली. म्हणाली, "अगं, जेवण तर दोन घासांतच पुरे होतं, तरी पोट वाढतंच आहे. सगळे ब्लाउज उसवले." मी पुढच्या विषयाकडे वळले. तिच्या घरच्यांनी वय झालं म्हटलं, शेजारणींनी वात म्हटलं, तिने स्वतः हिंग्वाष्टक चूर्ण सुरू केलं. नोव्हेंबरात फोन आला की ताईच्या अंडाशयाचा कॅन्सर पोटभर पसरलेला आहे आणि पोटात पाणी झालं आहे.

मी तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "अगं, सगळेच म्हणत होते. मीसुद्धा म्हणत होते." ताई २०२४ च्या मे महिन्यात गेली. आठ महिने आधी तपासलं असतं तर वाचली असती का, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्या आठ महिन्यांत आम्ही सगळे तिच्या पोटाबद्दल बोललो आणि तिला मात्र त्याबद्दल बोलू दिलं नाही, एवढं मी नक्की सांगू शकते.

म्हणून माझं म्हणणं दोनच वाक्यांत मांडते. स्वतःच्या पोटाबद्दल स्पष्ट बोला. दुसऱ्याच्या पोटाबद्दल गप्प बसा. आपण बरोबर उलटं करतो.

डॉक्टरांपुढे आपण काय बोलतो

ताईची बातमी कळल्यावर मी डॉक्टरांची वेळ घेतली. त्याआधीही वर्षाच्या तपासणीला जात होतेच. पण तिथे "आणखी काही?" असं विचारलं की मी म्हणायची, "थोडा गॅस होतो." मराठीत आपल्याकडे किती शब्द आहेत बघा: गुबारा धरणं, तडस लागणं, पोट डबडबणं, वायू अडकणं. ते सगळे गिळून आपण इंग्रजीत "थोडा गॅस" म्हणतो, आणि डॉक्टरही मान डोलावून पुढे जातात. सात मिनिटांच्या भेटीत त्यांना मनकवडं होता येत नाही.

या वेळी मी कागद घेऊन गेले. तीन आठवड्यांची नोंद होती: काय खाल्लं, किती वाजता फुगलं, शौचाला कधी आणि कशी झाली, पाळीच्या कोणत्या दिवसांत वाढतं. कागद पाहिल्यावर डॉक्टरांचा सूरच बदलला. रक्ताच्या तपासण्या झाल्या. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिअ‍ॅक विकाराची चाचणी झाली. (ही करायची असेल तर आधीपासून पोळी बंद करू नका, नाहीतर निकाल चुकीचा येऊ शकतो.) ओटीपोटाची सोनोग्राफी झाली. ते सगळं ठीक निघाल्यावर पोटाच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे श्वासाची चाचणी झाली. उपाशीपोटी दुधातल्या साखरेचं पाणी प्यायचं आणि मग तीन तास ठरावीक वेळाने एका नळीत फुंकायचं.

निकाल आला तेव्हा मी तिथेच हसत सुटले. मला दूध पचत नव्हतं! आणि सासूबाईंच्या सल्ल्याने मी दोन वर्षं रोज रात्री पोटासाठी म्हणून पेलाभर कोमट दुधातून इसबगोल घेत होते. बिचाऱ्या इसबगोलाचा दोष नव्हता, पेल्याचा होता.

दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य मूल मोठं होताना बहुतेकांत कमी होत जातं. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश माणसांचं असंच आहे आणि त्यात आपण भारतीय पुष्कळ आहोत. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. मग पुण्यात असताना त्रास का नव्हता? पुण्यात चौघांच्या घरात लिटरभर दूध यायचं आणि ते बहुतेक चहात जायचं. इथे गॅलनचा कॅन असतो. सकाळी सीरिअल, दुपारी कॉफीच्या नावाखाली पेलाभर दूध, वर रिकोटा चीजची बर्फी आणि मिल्क पावडरचे गुलाबजाम. दूध न पचणं म्हणजे दुधाशी कायमचं वैर नव्हे. जुनं मुरलेलं चीज बहुतेकांना चालतं, दही-ताक दुधापेक्षा सोसतं, बिनलॅक्टोजचं दूध दुकानात मिळतं आणि लग्नकार्यात लॅक्टेजची गोळी पर्समध्ये ठेवता येते.

हाही एक चातुर्मासच

दूध कमी केल्यावर माझा निम्मा त्रास गेला. उरलेल्या निम्म्याला डॉक्टरांनी आयबीएस म्हटलं. यात आतडं तपासणीत निरोगी दिसतं, पण ते नाजूक आणि चटकन दुखावणारं असतं, आणि मेंदूशी त्याचं बोलणं जरा बिघडलेलं असतं. हा मनाचा खेळ नव्हे. ताणाने तो वाढतो, पण दुखणं खरंच असतं.

यावर मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी एक आहारपद्धती तयार केली आहे. तिला लो फॉडमॅप म्हणतात. हे फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि पुढे आंबणाऱ्या काही शर्करा. त्या कशात असतात ही यादी मी वाचली आणि डोक्याला हात लावला. कांदा, लसूण, गहू, हरभरा, राजमा, फ्लॉवर, दूध! पुरणपोळीत गहू आणि हरभरा दोन्ही आले, आणि वर वाटीभर दूध घेतलं की सगळी मंडळी एकाच पंगतीत.

पण नंतर वाटलं, कांदा-लसूण न घालता जेवण आपल्याला काय नवीन आहे? नैवेद्याचं पान तसंच असतं. आजी चातुर्मासात चार महिने कांदा-लसणाला शिवत नसे. इथे तर दोन ते सहा आठवडेच पाळायचं असतं. आणि चातुर्मास जसा संपतो तसा हाही संपवायचाच असतो, हे फार महत्त्वाचं आहे. नंतर एकेक पदार्थ थोडा थोडा परत आणून पाहायचा. जो सोसतो तो ठेवायचा, जो नडतो त्याचं प्रमाण बांधायचं. आपल्यातल्या बऱ्याच जणी पहिल्या पायरीवरच अडकतात आणि वर्षानुवर्षं भात आणि काकडीवर राहतात. त्याने पोषण कमी पडतं आणि जेवणाची भीती बसते ती वेगळीच. म्हणून हे आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करा. मला शेवटी गहू पुष्कळ सोसला, कांदा अगदी थोडा. लसूण तेलात परतून काढून टाकायची आणि ते तेल फोडणीला वापरायचं. त्रास देणारी शर्करा तेलात उतरत नाही, वास मात्र उतरतो. एक लक्षात ठेवा, डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं. लेबल वाचा.

दुसरी गोष्ट श्वासाची. बार्सिलोनाच्या संशोधकांनी स्कॅन काढून दाखवलं आहे की असं फुगणाऱ्या अनेकांच्या पोटात हवा फारशी वाढलेलीच नसते. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली दाबला जातो, पोटाचे स्नायू सैल पडतात आणि पोट पुढे येतं. त्यामुळे जेवणानंतर पाच-दहा मिनिटं पोटावर हात ठेवून संथ श्वास घ्यायला शिकवतात. फुकटचा उपाय म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं. पण मला त्याचा उपयोग झाला.

पैशाची बाजू

मी इतकी वर्षं डॉक्टरांकडे का गेले नाही? लाज होतीच. पण खरं सांगायचं तर डिडक्टिबलचीही भीती होती. आमच्या विम्यात पहिले तीन हजार डॉलर खिशातून जातात. "गॅससाठी कोण एवढे पैसे घालवणार?" असं मी म्हणत राहिले. मग एका रविवारी क्रेडिट कार्डाची वर्षभराची बिलं काढून बसले. प्रोबायोटिकच्या बाटल्या, "पोट सपाट" करणारे चहा, पावडरी, पोट आवळणारे कपडे, घरी रक्ताचा थेंब घेऊन पोस्टाने पाठवायची "अन्नाची तपासणी". एकूण अकराशे डॉलर झाले होते. डॉक्टर, चाचण्या आणि तज्ज्ञ मिळून खिशातून जवळजवळ तेवढेच गेले. फरक इतकाच की दुसऱ्या अकराशेंतून उत्तर मिळालं.

अनुभवातून शिकलेल्या काही गोष्टी:

या देशात १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट विकायच्या आधी ते गुणकारी आहे असं सरकारला सिद्ध करून दाखवावं लागत नाही. बाटलीवर पान-फूल छापलं म्हणजे औषध होत नाही. आयुर्वेदिक म्हणून विकलं जाणारं सगळं निर्धोक असतं असंही नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या अशा ७० उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. भारतातून पुड्या आणत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा.

पोस्टाने होणाऱ्या त्या आयजीजी चाचण्यांवर पैसे घालवू नका. अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांची अमेरिकन संस्था त्यांची शिफारस करत नाही. मला त्यात बावीस पदार्थ वर्ज्य सांगितले होते. दूध त्यात नव्हतं.

एचएसए किंवा एफएसए खातं असेल तर २०२० पासून दुकानातली साधी औषधंही प्रिस्क्रिप्शनशिवाय त्यातून घेता येतात. सर्वसाधारण "तब्येतीसाठी" घेतलेली सप्लिमेंट्स सहसा त्यात बसत नाहीत. एचएसएचे पैसे वर्ष संपलं तरी राहतात. एफएसएचे बहुतेक बुडतात, म्हणून डिसेंबरची वाट पाहू नका.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी २०२१ पासून पंचेचाळिसाव्या वर्षापासून सुचवली जाते, आणि बहुतेक विम्यांत ती नेटवर्कमध्ये केली तर खिशातून काही जात नाही. पण तक्रार आहे म्हणून केलेली कोलोनोस्कोपी वेगळ्या खात्यात धरली जाते आणि तिला डिडक्टिबल लागू शकतं. आधी विमा कंपनीला फोन करून विचारा. बिल वाचवण्यासाठी डॉक्टरांपासून तक्रार मात्र लपवू नका.

आई-वडील इकडे यायचे असतील तर त्यांच्या पोटाच्या तक्रारी तिकडेच तपासून घ्या. पाहुण्यांचा विमा आधीपासूनच्या दुखण्यांना सहसा हात लावत नाही. आणि आई "काही नाही गं, वात आहे" म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारा.

कधी थांबायचं नाही

सकाळी उतरणारं आणि संध्याकाळी चढणारं पोट बहुधा साध्या कारणाने फुगतं. पण ते दिवसरात्र तसंच राहत असेल किंवा वाढतच असेल, दोन घासांत पोट भरत असेल, ओटीपोट दुखत असेल, लघवीला सारखं जावं लागत असेल आणि हे काही आठवडे जवळजवळ रोज होत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि "अंडाशयाचं काही नाही ना?" असं तोंडाने विचारा. विशेषतः पन्नाशीनंतर हे पहिल्यांदाच सुरू झालं असेल तर. वजन आपोआप घटणं, शौचातून रक्त, रक्त कमी होणं, उलट्या, दुखण्याने रात्री जाग येणं, घरात कोणाला आतड्याचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असणं, यांतलं काही असेल तरी थांबू नका. पुरुष मंडळींनीही "बेल्टचं भोक वाढलं" म्हणून हसण्यावारी नेऊ नये.

आणि आपलं बोलणं

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. शाळेच्या फोटोच्या दिवशी ती नाश्ता न करता निघाली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "पोट दिसतं ना, आई." दोन वर्षं ती रोज सकाळी मला आरशासमोर आडवी उभी राहून "शी, कशी दिसतेय मी" म्हणताना ऐकत होती. मी तिला काही शिकवत होते असं मला वाटलंच नव्हतं. आता आरशासमोर ते वाक्य मी उच्चारत नाही. मनात येतं, अजूनही येतं, पण उच्चारत नाही.

आपल्या कार्यक्रमांत भेटल्याबरोबर "बारीक झालीस", "सुटलीस", "काही गोड बातमी?" म्हणायची आपली रीत आहे. त्यात वाईट हेतू नसतो हे मी जाणते, काकूंच्याही मनात नव्हता. पण समोरच्या बाईला मूल होत नसेल, नुकतंच गेलं असेल, आजार असेल, किंवा माझ्यासारखं दुधाने पोट फुगलं असेल, यातलं काय आहे ते आपल्याला पाहून कळत नाही. "कशी आहेस?" एवढं विचारून उत्तर येईपर्यंत थांबलं तर बरंच काही कळतं. ताईला मी तेवढं विचारायला हवं होतं.

माझं पोट अजूनही फुगतं. महिन्यातून चार-पाच दिवस, आणि लग्नकार्यात हटकून. पण आता परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक आहे, आणि ब्लाउज शिवताना शिंपीणबाईंना सांगते, शिलाईत चांगली माया ठेवा. कापडाला जशी लागते तशी अंगालाही लागते.

गेल्या गणपतीत त्याच काकू भेटल्या. मीच त्यांच्याजवळ गेले आणि त्यांना सगळं सांगितलं, दुधाचं आणि ताईचंही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "माझंही दोन-तीन महिने असंच आहे गं. मुलाला कसं सांगायचं म्हणून गप्प होते." दुसऱ्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांना फोन आम्ही दोघींनी मिळून केला.